अव्वाच्या डोक्यावरची माती

अव्वा कुणाच्याही घरी गेली की माणसांकडे नंतर बघायची, आधी वर बघायची. उंबऱ्याशी चपला काढायच्या, पदर सावरायचा, मान मागं टाकून छताचा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अंदाज घ्यायचा आणि मग, ‘कसं हाय समदं? बरं हाव ना?’ एकदा गल्लीतल्या एका पोरासाठी मुलगी बघायला तिला मोठी म्हणून नेलं. शेपूट म्हणून मीही गेले. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली. सगळे मुलीकडे बघताहेत आणि अव्वा वर. मुलीच्या आईला वाटलं पाल-बिल दिसली की काय, म्हणून तिनं वर बघितलं. मग मुलीच्या मामानं बघितलं. बघता बघता अख्खी बैठक आढ्याकडे तोंड करून बसली आणि ती बिचारी पोर मधोमध ट्रे धरून उभी! परतताना मी विचारलं, ‘अव्वा, मुलगी कशी वाटली?’ तर म्हणाली, ‘पोरगी सोनं हाय. बापाला मात्र सांगा म्हणावं, तुळईला वाळवी लागलीय.’ लग्न झालं. तुळईपण बदलली म्हणे.

मी मूळची नांदेडची. जन्मापासून स्लॅबखाली वाढलेली. वीज कंपनीत बिलांच्या टेबलावर नोकरी लागली आणि बदली झाली उदगीरला. सुरुवातीला स्टँडजवळ एक पत्र्याची खोली घेतली होती. मे महिना. दुपारी पत्रा असा तापायचा की पंखा लावला तरी तो वरची धग गोळा करून माझ्याच अंगावर ओतायचा. सुट्टीच्या दिवशी मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, पाय पाण्याच्या बादलीत सोडून बसायची आणि ज्यानं पत्र्याचा शोध लावला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, ‘अगं, त्या अव्वाकडं विचार की. माळवदाचं, मातीच्या छताचं घर हाय. पण बाई जरा तऱ्हेवाईक.’ म्हटलं, बाई तऱ्हेवाईक असू दे, छत शहाणं असलं म्हणजे झालं.

गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि खरं सांगते, अंगावर सरसरून काटा आला. बाहेर डोळे भाजणारं ऊन आणि आत जणू कुणी रांजणाचं झाकण उघडून ठेवलेलं. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, उंच, काळीसावळी, आवाज बाजार समितीतल्या हमालाला लाजवणारा, अशी अव्वा समोर बसून शेंगा फोडत होती. तिनं माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्न का झालं नाही हेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘माळवदावर पाय आपटत फिरायची सवय हाय का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग उद्या सामान घेऊन ये.’ तेव्हापासून ती मला ‘नांदेडवाले’ म्हणायची. माझं नाव तिला शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

घर म्हणजे वाडा-बिडा नव्हे हं. चार खणांचं साधं घर. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या काठ्या दाट बसवलेल्या, त्यांवर कडुनिंबाच्या पाल्याचा थर आणि त्यावर पांढरी माती. झालं छत! पांढरी म्हणजे गावाबाहेरच्या जुन्या गढीच्या टेकाडाची. काळ्या रानाची माती माळवदाला चालत नाही. ती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. पांढरी मात्र पहिली सर अंगावर घेते, दबून बसते आणि मग पाण्याला आत येऊ देत नाही. अव्वा म्हणायची, ‘काळी पोटासाठी, पांढरी डोक्यासाठी. उलटं केलं की दोन्हीकडून मेलं.’ मधोमध उजेडासाठी एक भोक होतं, त्याला साणं म्हणायचं. त्यातून पडलेला उन्हाचा कवडसा दिवसभर घरात फिरायचा. तो देवळीवरून उतरून पाटा-वरवंट्यापर्यंत आला की अव्वा चहा टाकायची. घड्याळ होतं भिंतीवर, पण ते बंद होतं, आणि त्याला चावी द्यायची कुणाला गरजही वाटत नव्हती.

एक गंमत सांगते. आमच्या ऑफिसात उन्हाळ्यात भांडायला येणाऱ्यांची रांग असते. ‘बाई, एवढं बिल कसं आलं, मीटर पळतंय का घोडं?’ कूलर, एसी, फ्रिज, सगळं दिवसरात्र चालू, मग मीटर पळणारच ना! आणि त्याच महिन्यात आमच्या साहेबांना एका मीटरचा संशय आला. ऐन मे महिन्यात रीडिंग जेमतेम हललेलं. साहेब म्हणाले, आकडा टाकलेला दिसतोय, जा, तपासा. वायरमन गेला तो माझ्याच दारात! त्या दिवशी मी रजेवर, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले, तो मला बघून ओशाळला. अव्वानं त्याला आत बसवलं, घोंगडी टाकली, ‘आडवा हो जरा, उन्हातून आलास’ म्हणाली. तो गडी जो झोपला, तो साण्याचा कवडसा पाट्यावर येईपर्यंत. उठल्यावर कागदावर काय लिहावं त्याला कळेना. अव्वा म्हणाली, ‘लिही की, चोरी हाय म्हणून. ऊन बाहेरच्या बाहेर चोरून घेतंय माझं माळवद.’ त्यानं ‘मीटर ठीक’ असं लिहिलं आणि पुढच्या सुट्टीला बायकोला घेऊन छत दाखवायला आला.

आता तिची जी खरी तऱ्हा, तिच्याकडे येते. मृग लागायच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची, ही तिकडची जुनी चाल. ज्यांची ज्यांची माळवदं उरलीत ते सगळे टाकतात. आदल्या वर्षीची माती वाऱ्यापावसानं झिजते, तिच्यावर नवा थर द्यायचा आणि चोपण्यानं चोपायचा. अव्वाचं मात्र वेगळं. ती आधी जुनी माती उतरवायला लावायची. पार खालचा पाला दिसू लागेपर्यंत. काठ्यांवर हात फिरवून बघायची, कुजका पाला काढून निंबाचा ताजा टाकायची आणि मग बेतानं, वीतभर नवी माती. गल्लीतले चार जण मदतीला यायचे, पण दरवर्षी कुरकुरायचे. ‘अव्वा, दुप्पट काम करायला लावतीस बघ. कोण उतरवतंय हल्ली? वरच्यावर टाकायचं की!’ अव्वा कमरेवर हात ठेवून अंगणात उभी. ‘आधी उतरवायचं, मग चढवायचं. जमत नसंल त्यानं घरी जावं. हुग्गी मात्र मिळणार न्हाई.’ कोणी जात नसे. गव्हाची, गुळाची, वर तुपाची धार धरलेली ती हुग्गी होतीच तशी. मीही एक वर्ष पदर खोचून घमेली वाहिली आणि दोन वाट्या जास्त खाल्ली. दुसऱ्या दिवशी कंबर धरून ऑफिसात बसले तो भाग वेगळा.

उतरवलेली माती जायची कुठं, तर तिच्या रानात. गावाबाहेर तिचं थोडं शेत होतं, शेजाऱ्याला बटईनं दिलेलं. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडं सगळं गाव रानात जेवायला जातं. अव्वा डोक्यावर भज्जी-अंबिलाची पाटी घेऊन मला बांधाबांधानं घेऊन गेली आणि एका कोपऱ्यात थांबली. तिथली ज्वारी बाकीच्या ज्वारीपेक्षा चांगली हातभर उंच, हिरवीकंच. म्हणाली, ‘वळख हे काय हाय.’ मी म्हटलं, ज्वारी. ‘येडी! हे तुझ्या डोक्यावरचं हाय. गेल्या साली तू याच्याखाली झोपत व्हतीस. आता खा ह्याची भाकर.’ मी हसले, पण भाकर मोडताना नजर पुन्हा पुन्हा त्या ज्वारीकडं जात होती. आमच्या नांदेडला गोदावरीकाठी फिरायला गेलं की पाडलेल्या घरांचे ढीग दिसतात, सिमेंटची ढेकळं, वाकडे गज, फुटके पत्रे. वर्षानुवर्षं तिथंच. त्यांना ना नदी घेते ना रान. इथं एक छत दरवर्षी जुनं होत होतं, दरवर्षी नवं होत होतं आणि जुन्याचा कण वाया जात नव्हता.

अव्वाला एकच मुलगा. बसवराज. आणि देवाची करणी बघा, त्याचं लातूरला दुकान कशाचं, तर सिमेंट आणि पत्र्याचं! चांगलं चाललेलं, मोठं दुकान. माणूस दिलदार, आईवर जीव. पण उदगीरला आला की अंगणातल्या खुर्चीत बसायचा. चहा तिथंच, जेवण तिथंच. आत माळवदाखाली यायचाच नाही. रात्री मुक्काम कधीच नाही, कितीही उशीर झाला तरी लातूर. मृगाच्या आधी तर दुकानाचा हंगाम, तेव्हा फिरकायचाच नाही. मला वाटायचं, मोठ्या दुकानाचा तोरा असेल. एकदा तसं बोलून दाखवलं, तर अव्वाच्या हातातली शेंग हातातच राहिली. म्हणाली, ‘तोरा न्हाई गं. भ्या हाय.’

मग तिनं सांगितलं. बसवराज लहान असताना गणपतीला मामाच्या गावाला गेला होता. आणि भूकंप झाला. मराठवाड्यात भूकंप म्हटलं की कुठला ते सांगावं लागत नाही. मामाचं घर दगडामातीचं, वर माळवद, पिढ्यान्‌पिढ्या माती चढत गेलेलं. पोराला ढिगातून जिवंत काढलं, मामा-मामी गेले. त्यानंतर कित्येक महिने तो इथं अंगणात झोपायचा. थंडीत, गोधडीखाली. आत नेलं की ओरडत बाहेर यायचा. मग लातूरला वसतिगृहात ठेवला, शाळेची इमारत स्लॅबची, म्हणून तिथं झोपला तरी. अव्वा एवढंच बोलली आणि शेंगा फोडायला लागली. माळवदानं माणसं मारली हे आमच्या भागात कुणी नाकारू नये आणि मीही नाकारणार नाही.

म्हणून दर दिवाळीला मायलेकांचं भांडण ठरलेलं. तो अंगणातून आणि ती उंबऱ्यातून. ‘अव्वा, दरवर्षी दोन बोटं माती चढतीय. आज्जापासून धर. किती झाली? कंबरभर! कधी हललं तर तुला काढायला पण कोण येणार न्हाई. मी आठ दिवसांत स्लॅब टाकून देतो.’ अव्वा म्हणायची, ‘आन् त्याला पाणी कुठलं पाजतोस? मागं दुष्काळाच्या साली पलीकडल्यानं स्लॅब टाकला, टँकर लावून पंधरवडाभर छत न्हाऊ घातलं, अन् बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या.’ तो म्हणायचा, ‘लोक हसतात अव्वा. सिमेंटवाल्याची आई मातीखाली राहतीय म्हणतात.’ ती म्हणायची, ‘हसू दे. हसायला सिमेंट लागत न्हाई.’ शेवटी एका दिवाळीला पोरगा रडकुंडीला आला. अगदी हात जोडले त्यानं. तेव्हा अव्वा उठली आणि म्हणाली, ‘ऐक बसू. ज्या दिशी ह्या छतातून एक टिपका पडंल, त्या दिशी कुदळ मीच तुझ्या हातात देते. सबूद हाय माझा.’ तिच्या छतातून टिपका पडणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं, हे आम्हाला माहीत होतं. त्यालाही.

पुढच्या चैत्रात अव्वाच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. आधी एक डोळा, मग दुसरा, असा लातूरला लेकाकडं लांबलचक मुक्काम झाला. त्याच सुमारास माझ्या भावाचं लग्न होतं, म्हणून मी रजा काढून नांदेडला. परत आले आणि घरात पाऊल टाकलं तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घर गरम! माळवदाखाली मी पंखा लावला, असं पहिल्यांदाच घडलं. शिडी लावून वर गेले. पांढऱ्या मातीच्या जागी सगळीकडे करडा, गुळगुळीत, सिमेंटचा कोबा. बसवराजभाऊंनी माणसं पाठवून मातीवरच घालून घेतला होता. साण्याभोवतीही सिमेंट. मी फोन लावला. म्हणाले, ‘ताई, अव्वाला सांगू नका. आली की बघंल. स्लॅब ती टाकू देत न्हाई, निदान वर माती चढायची तरी थांबंल, टिपक्याचीही काळजी मिटली. आता तिला दरवर्षी मातीच्या मागं पळायला नको, म्हातारी झालीय.’ त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. प्रेमानं केलेल्या गाढवपणाला शिव्या तरी कशा द्यायच्या?

अव्वा परत आली ती काळा चष्मा लावून. रिक्षातून उतरली, उंबऱ्यात चपला काढल्या, पदर सावरला, चष्मा कपाळावर चढवला, वर बघितलं. बराच वेळ बघितलं. काठ्यांच्या फटीतून नेहमी जरा जरा भुरभुरणारी माती भुरभुरत नव्हती. शेजारीपाजारी डोळ्यांची चौकशी करायला जमले होते. ‘कसं दिसतंय अव्वा?’ म्हणाली, ‘लई साफ दिसतंय. नको तेवढं साफ.’ मुलाला मात्र एक शब्द बोलली नाही. मृग लागायच्या आधी गल्लीतले चार जण घमेली घेऊन आले, तेव्हा त्यांना हुग्गी वाढली आणि परत पाठवलं.

उन्हाळाभर कोबा तापला, रात्री निवला, पुन्हा तापला, आणि ज्येष्ठात त्याला तडे गेले. केसाएवढे. खालची माती हलते, श्वास घेते, वरचं सिमेंट हटून बसलेलं. दोघांचं जमावं कसं? पहिले दोन पाऊस किरकोळ झाले. तिसरा दुपारी आला आणि धो धो आला. तड्यातून आत शिरलेल्या पाण्याला वर सुकायला वाट नव्हती. मी खिडकी लावायला उठले आणि आवाज ऐकला. टप्प. अव्वाच्या बाजेवर, बरोबर उशाशी. अव्वा बाजेवरच बसली होती. तिनं बोट लावून ते पाणी बघितलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, ‘नांदेडवाले, फोन लाव बसूला.’ मी लावून दिला. ‘बसू, टिपका पडला. ये.’

मी तर उसळलेच. म्हटलं, ‘अव्वा, हे काय चाललंय? टिपका तुमच्या छतानं पाडला का? त्यांच्या सिमेंटनं पाडला! हे सांगायचं सोडून घर पाडायला बोलावताय?’ अव्वा म्हणाली, ‘टिपका टिपका असतोय. कुणामुळं पडंल ते मी बोलले न्हवते.’ मी म्हटलं, ‘मग मी सांगते त्यांना.’ तिनं माझा हात धरला. चांगला घट्ट. ‘तू गप ऱ्हा.’ मला राग आला, रडूही आलं. त्या घराचा आणि माझा संबंध तो काय, भाड्याचा! तरी मी रात्रभर तुळया मोजल्यासारखी वर बघत पडले होते.

सकाळी उघडीप होती. बसवराजभाऊ टेम्पो आणि मजूर घेऊन आले. चेहरा मात्र जिंकल्याचा नव्हता. नेहमीसारखे अंगणात उभे राहिले. ‘अव्वा, तुझी मर्जी नसंल तर...’ अव्वानं कोनाड्यातली कुदळ आणली आणि त्यांच्या हातात दिली. ‘सबूद हाय. पर पहिला घाव तू घालायचा. मजुराच्या हातनं न्हाई. तुझ्या आज्ज्यानं घातलेलं घर हाय, लेकरानंच उतरवावं.’ भाऊ शिडीकडं बघत राहिले. लहानपणापासून तो माणूस माळवदाच्या खालीही गेला नव्हता आणि वरही गेला नव्हता. मजूर बिड्या पेटवून बघत होते. शेवटी शिवशिव म्हणत ते चढले. मागोमाग मी. अव्वा नव्या डोळ्यांनी खालून बघत होती.

पहिले घाव कोब्यावर. ठण्ण, ठण्ण. सिमेंटची ढेकळं उडाली. मग मातीत कुदळ शिरली आणि भाऊ खाली वाकून जोर लावायला लागले. कंबरभर खणायची तयारी होती त्यांची. तिसऱ्या घावाला कुदळीच्या टोकाला माती लागली नाही, पाला आला. वाळलेला निंबाचा पाला. त्यांना वाटलं इथंच खड्डा असेल. दुसरीकडं मारलं. पाला. तिसरीकडं, कडेला. तिथंही पाला. वीतभर माती, त्याखाली पाला, काठ्या, आणि काठ्यांच्या फटीतून खालचं घर. ते गुडघ्यांवर बसले, हातानं माती बाजूला केली आणि काठावरून खाली ओरडले, ‘अव्वा! माती कुठं गेली?’

‘रानात.’

‘दरवर्षी चढवत व्हतीस ना?’

‘आधी उतरवत व्हते. मग चढवत व्हते.’

‘कधीपासनं?’

अव्वा अंगणात उभी होती, नेमकी कुठं ते मला नंतर लक्षात आलं. ज्या जागी एकेकाळी त्याची गोधडी असायची तिथं. म्हणाली, ‘तू हितं झोपायचास, तवापासनं.’

तो चाळिशीचा, पोट सुटलेला, लातुरात चार माणसांत नाव असलेला माणूस माळवदावर मांडी घालून बसला आणि हमसून हमसून रडला. मजुरांनी बिड्या विझवल्या. मला तर सगळंच एकदम कळल्यासारखं झालं. ती कुणाच्याही घरी गेली की आधी वर का बघायची, तेसुद्धा. अव्वा खालून म्हणाली, ‘आता रडून काय? वरती आभाळ येऊन राहिलंय. पाडतोस का झाकतोस, काय ते लवकर कर.’

झाकलं. कोब्याचा तुकडा न् तुकडा उतरवला. दोन काठ्या कुजल्या होत्या, तेवढ्या बदलल्या. बाकी सगळा साग टणक. निंबाचा पाला आला, त्याच टेम्पोतून गढीची माती आली, आणि सिमेंटवाले बसवराजभाऊ शर्टाच्या बाह्या वर करून स्वतः चोपणं घेऊन चोपत होते. अव्वा खालून ओरडून हैराण, ‘हलक्या हातानं! पोत्यावर बुक्क्या मारतोस काय?’ कोब्याच्या ढेकळांचा ढीग दारात पडला, तेव्हा तिनं एक ढेकूळ उचलून लेकापुढं धरलं. ‘हे आता कुणाच्या रानात टाकू? काय उगवंल ह्याच्यात?’ भाऊ म्हणाले, ‘जाऊ दे ना अव्वा, माझ्या दुकानापुढच्या खड्ड्यात टाकतो.’ खरंच टाकलं. अजून आहे तिथं.

संध्याकाळी पाऊस आला. आम्ही तिघं घरात बसलो होतो. हो, तिघं. भाऊ आत आले होते. आधी उंबऱ्यात, मग खांबाला टेकून, मग अव्वाच्या बाजेवर. पाऊस वाजत नव्हता, माळवदावर तो वाजत नाहीच, नुसता ऐकू येतो. पन्हाळीतून पाणी अंगणात पडत होतं आणि आम्ही तिघंही वर बघत होतो. टिपका नाही. अर्धा तास झाला, नाही. भाऊंना कधी डुलकी लागली, कळलंच नाही. सकाळी मला जाग आली ती त्यांच्या घोरण्यानं. अव्वा चुलीपाशी बसून ते घोरणं असं ऐकत होती, की मी हाक मारली नाही.

नंतर मी विचारलं, ‘तुम्हाला ठाऊक होतं ना असं होणार? माती उतरवता हे आधी का नाही सांगितलंत त्यांना? मलाही कधी बोलू दिलं नाहीत!’ अव्वा म्हणाली, ‘सांगितलं असतं तर म्हणला असता, आई हाय, खोटं बोलत असंल. भ्यालेल्या माणसाला सांगून पटतंय व्हय? खणू द्यावं त्याला. खणलं की दिसतंय.’ आणि मग माझ्याकडं बघून हसली. ‘पर रातभर माझा बी जीव जाग्यावर न्हवता बघ. म्हणलं, खणायच्या आधीच मजुराला हाक मारली तर?’

माझी बदली परत नांदेडला झाली. निघताना अव्वानं गढीच्या मातीचं एक गाठोडं दिलं. म्हटलं, माझ्या फ्लॅटला कुठं आलंय माळवद! म्हणाली, ‘कुंडीत घाल.’ एकदा ती लेकाबरोबर माझ्याकडे आलीसुद्धा. दारात चपला, पदर, मान मागं. आमच्या डोक्यावर चौथ्या मजल्याचे लोक राहतात. त्यांचं काहीतरी धपकन पडलं. अव्वा म्हणाली, ‘तुझ्या डोक्यावर माती न्हाई, शेजारी हाय. शेजारी उतरवता येत न्हाई गं बाई.’ आणि पोट धरून हसली.

गेल्या माघात ती गेली. आजार नाही, पाजार नाही. दुपारी कवडसा पाट्यावर आला, चहा टाकायला उठली नाही, तेव्हा बाजूच्यांनी येऊन बघितलं. लिंगायतांत पुरतात. मी पोहोचले तेव्हा रानात खड्डा खणून झाला होता. आमच्या त्या कोपऱ्यात, जिथं ज्वारी हातभर उंच येते. जंगमांनी मंत्र म्हटले, बेल वाहिला, विभूती वाहिली. मग लोक फावड्यानं माती लोटायला लागले. एकदम भाऊ पुढं झाले आणि दोन्ही हात आडवे केले. ‘थांबा. हलकी टाका रे. हळू. तिला डोक्यावर जड माती चालत न्हवती.’ सगळे थांबले. मग फावडी ठेवून लोकांनी हातानंच माती टाकली, मूठ-मूठ करून. मीही टाकली. माझ्या मुठीत आली ती पांढरी होती.

मला वाटलं, आता घर विकतील. का ठेवतील? पण मृग लागला, नांदेडला तासभर पाऊस कोसळला, आणि माझा फोन वाजला. बसवराजभाऊ. उदगीरहून. मागं पन्हाळीचं पाणी पडताना ऐकू येत होतं.

‘ताई, माती आधी उतरवली, मग चढवली. आतच झोपलोय.’

‘बरं. आणि?’

‘टिपका न्हाई.’